भोर ते सातारा: चार दिवस, चार चढ आणि मधे कोयनेचं पाणी

सोमवारी सकाळी भोरहून सायकलने निघायचं, गुरुवारी संध्याकाळी सातारा स्टेशनवर पोचायचं. वार मुद्दाम सांगतोय. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, कास ही नावं ऐकली की शनिवार-रविवारच्या गाड्यांच्या रांगाच डोळ्यांपुढे येतात, आणि त्या खऱ्याही आहेत. पण याच डोंगरांत मंगळवारी पहाटे पसरणी घाट चढला किंवा बुधवारी सकाळी बामणोलीहून कासकडे निघालं, तर अर्धा-अर्धा तास एकही गाडी आडवी येत नाही. शांत रस्ते इथे नकाशावर शोधावे लागत नाहीत, घड्याळावर शोधावे लागतात. म्हणून पुढे किलोमीटरइतकंच वेळेबद्दलही लिहिलं आहे.

हंगाम ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट. पावसाळ्यात यातल्या प्रत्येक घाटात दरड येऊ शकते, धुकं इतकं दाट असतं की वीस पावलांवरची एसटी दिसत नाही. मार्चनंतर सकाळी दहालाच ऊन लागायला लागतं, आणि कोयनेचं पाणीही खाली गेलेलं असतं. त्याचं काय बिघडतं ते तिसऱ्या दिवशी येईलच.

निघण्यापूर्वी गिअरचा हिशेब करावा, कारण गुडघे इथेच जातात. पुढे ३४ दाती आणि मागे ३२ दाती चक्र असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वादोन मीटर जाते. मिनिटाला ७० फेरे मारले की ताशी साडेनऊ किलोमीटरचा वेग मिळतो. पाच-सहा टक्क्यांच्या चढाला हे पुरतं. मागचं सगळ्यात मोठं चक्र २५ दाती असेल, तर नऊ टक्क्यांच्या तुकड्यावर ताशी सहाच्या वेगाने जाताना मिनिटाला जेमतेम ३५ फेरे पडतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर उभं राहिल्यासारखा जोर येतो. सामान लादून हे चार दिवस केलं की चौथ्या दिवशी जिना उतरणं जड जातं. कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलून घ्या, ३२ किंवा ३४ दातांची. नवीन कॅसेटबरोबर चेनही नवी टाका. जुनी ताणलेली चेन नव्या दातांवरून नेमकी चढावर घसरते. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) एवढं मोठं चक्र पेलतो का, हेही दुकानातच तपासून घ्यावं.

टायर ३२ मिलिमीटरचे असले तर उत्तम, २८चे चालतील. सत्तर किलोच्या माणसाला ३२च्या टायरमध्ये पुढे ५५ आणि मागे ६५ पीएसआय पुरे. या रस्त्यांवर दाबून हवा भरली की उतारावरच्या खडीवर चाक उडतं आणि पकड जाते.

पहिला दिवस: भोर – मांढरदेवी – वाई (सुमारे ४५ किमी)

पुण्याहून भोर पन्नास किलोमीटरच्या आसपास. त्यातला मोठा भाग महामार्गाचा आहे, तो सायकलवर करण्यात काही राम नाही. गाडीने किंवा टेम्पोने भोरला यावं आणि सातच्या आत निघावं.

भोरहून आंबाड्यापर्यंत रस्ता नदीकाठच्या शेतांतून हळूहळू वर जातो. हे अंतर पाय मोकळे करायला आहे, वेग दाखवायला नाही. आंबाड्याला चहा-पोहे उरकून दोन्ही बाटल्या भराव्यात. पुढे घाटात पाण्याची खात्रीची जागा एकदम माथ्यावर, देवस्थानच्या दुकानांपाशी. थंडीतसुद्धा चढावर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखर-लिंबू ठेवावं.

भोरपासून घाटमाथ्यापर्यंत उंची सहाशे-सातशे मीटर चढते, आणि बहुतेक चढ आंबाड्यानंतरच्या घाटातच आहे. या बाजूचा रस्ता अरुंद आहे, वळणांच्या आतल्या बाजूला चढ एकदम अंगावर येतो. डावीकडच्या वळणावर अगदी कडेला चिकटून गेलात तर सगळ्यात तीव्र तुकडा वाट्याला येतो. मागून गाडी नसेल तर लेनच्या मध्यातून वळा. चढ सौम्य होतो, साखळी तुटण्याइतका जोर लागत नाही. गिअर वळणाच्या आधीच खाली आणावा. जोर लावलेला असताना पुढची चेनरिंग (पायडलजवळचं चक्र) बदलायला गेलं की चेन आतल्या बाजूला पडते, आणि चढावर थांबून परत सुरुवात करणं हेच खरं कष्टाचं काम.

माथ्यावर काळूबाईचं देऊळ, सुमारे ४,६५० फुटांवर. पौष पौर्णिमेच्या जत्रेला इथे लाखांनी लोक येतात. २००५ सालच्या जानेवारीतल्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन मोठी जीवितहानी झाली, त्यानंतर बंदोबस्त आणि वाहतुकीचे नियम कडक झाले. पौष महिन्यात हा रस्ता सायकलसाठी सोडूनच द्यावा. एरवीही देवीच्या वारी, म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी, गाड्या वाढतात. सोमवारी निघण्याचं एक कारण हेही आहे.

वाईकडचा उतार रुंद आणि मोकळा, खाली कृष्णेचं खोरं सतत दिसत राहतं. साधारण वीस किलोमीटरमध्ये वाई. उतार संपला की हंगामात उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला ओलांडताना तो वळणावर आत किती सरकेल याचा अंदाज लागत नाही, म्हणून सरळ रस्ता येईपर्यंत मागेच राहावं. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी पुढच्या चाकाखाली आली तर चाक फिरतं. तिच्यावरून तिरकं कधीही जाऊ नये.

दुपारपर्यंत वाई गाठली, तर संध्याकाळी सामान खोलीवर टाकून मेणवलीला जाऊन यावं. तीन किलोमीटरचा सपाट रस्ता, नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीवरचा घाट. ज्यांना आणखी हवं त्यांनी तसंच पुढे धोम धरणापर्यंत जावं. पण दमायचं नाही, दुसरा दिवस मोठा आहे.

दुसरा दिवस: वाई – पाचगणी – महाबळेश्वर – तापोळा (सुमारे ६० किमी)

साडेपाचला निघा. दिवा पुढे पांढरा, मागे लाल आणि लुकलुकणारा. पसरणी घाट सुमारे बारा किलोमीटरचा; वाई ७२० मीटरच्या आसपास आणि पाचगणी १,२९०च्या. म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या थोडा आत, आणि महत्त्वाचं म्हणजे चढ एकसारखा आहे. असा घाट तालात चढायचा असतो. पहिल्या तीन किलोमीटरमध्ये बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त झाला. सराव असलेल्याला सव्वा तास, सामान असेल तर पावणेदोन ते दोन तास. सातपर्यंत निम्मा घाट मागे टाकला तर वाहनं क्वचितच. आठनंतर पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात.

माकडं घाटाच्या वरच्या टप्प्यात असतात. लोक गाड्या थांबवून खायला घालतात, त्यामुळे ती हँडलला लावलेल्या पिशवीला सरळ हात घालतात. केळी-चिक्की बाहेर दिसेल अशी ठेवू नका आणि तिथे थांबू नका.

पाचगणी ते महाबळेश्वर अठरा-वीस किलोमीटर, या चार दिवसांतला सगळ्यात कमी आवडणारा तुकडा. रस्ता चढ-उताराचा आणि गाड्या बऱ्याच. तो साडेनऊच्या आत संपवावा. कोणाला गर्दीतून थोडं सुटायचं असेल तर मधेच भिलारला वळता येतं. स्ट्रॉबेरीचं हे गाव २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली आहेत, आत जाऊन वाचत बसायला मिळतं. वेळ हाताशी असेल तर नक्की जा, मात्र तापोळ्याला अंधार पडायच्या आत पोचायचं हे धरून.

महाबळेश्वरात बाजारात शिरायची गरज नाही. जेवण, पाणी, आणि एटीएम. तापोळा-बामणोलीत रोख पैसेच खरे, फोनची रेंज येते-जाते. इथेच सायकल झाडाला टेकवून दहा मिनिटं ब्रेक तपासायला द्यावीत, कारण खरी परीक्षा आता आहे.

तापोळ्याचा रस्ता पंचवीस ते तीस किलोमीटरमध्ये सातशे मीटरच्या जवळपास खाली उतरतो. मधे मधे छोटे चढ आहेत, दाट झाडी आहे, आणि अरुंद वळणांवर समोरून वडाप जीप येते. महाबळेश्वरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्यामुळे डांबर दरवर्षी कुठे ना कुठे उखडतं आणि मुरूम-खडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला साठते. वेगात गेलेली सायकल नेमकी तिकडेच ओढली जाते.

ब्रेक पॅड एक मिलिमीटरवर आले असतील तर इथेच बदला. रिम ब्रेक असेल तर पॅडमध्ये रुतलेले खडीचे आणि ॲल्युमिनियमचे कण सुईने काढा, ते रिम खरवडतात. ब्रेक एकसारखा दाबून धरायचा नाही. सतत घासणारी रिम तापते, ट्यूबमधल्या हवेचा दाब वाढतो, जुन्या पंक्चरच्या पॅचचा गोंद मऊ होतो, आणि उतारावर फट्कन हवा जाते. म्हणून ज्या ट्यूबला पॅच आहे ती या दिवशी चाकात नको. पॅचवाली मागे पिशवीत, नवी चाकात. डिस्क ब्रेकला रिम तापण्याची भीती नाही, पण पॅडवर काचेसारखा थर चढून पकड जाते. हायड्रॉलिकमध्ये वर्षानुवर्षं न बदललेलं फ्लुइड असेल तर लिव्हर थेट हँडलपर्यंत येतो. केबलवाल्या डिस्कमध्ये पॅड झिजतात तशी केबल सैल पडते. अर्ध्यात थांबून अर्धा फेरा आवळून घ्या.

पद्धत अशी: वळण येण्याआधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक दोन-तीन सेकंद जोरात, मग सोडून द्या. वळणात ब्रेक नाही. बाहेरचा पाय खाली, त्यावर वजन. आतला गुडघा किंचित उघडा. नजर खड्ड्याकडे न ठेवता वळण जिथे संपतं तिथे. मग परत सरळ रस्त्यावर ब्रेक. सात-आठ किलोमीटरवर एकदा थांबावं, रिमच्या जवळ हात न्यावा, लावू नये. हाताला झळ लागली तर पाच मिनिटं बसा. पाणी ओतून थंड करू नका.

उतरताना घामेजलेल्या अंगावर वारा लागतो. पातळ वाऱ्याचं जाकीट खिशातच असू द्या. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरची सकाळ दहा अंशांच्या आसपास असते, आणि बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज चुकतो. पूर्ण बोटांचे हातमोजे जड वाटले तरी घ्यावेत.

शेवटच्या उतारांवर झाडीतून शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, दिसायला लागतो. तापोळ्यात राहायला घरगुती सोय आणि कृषी पर्यटनाच्या खोल्या आहेत, पण जेवण आधी सांगावं लागतं. दुपारीच फोन करून रात्रीच्या भाकरी किती ते कळवा. ऐनवेळी आलेल्या सहा भुकेल्या सायकलवाल्यांसाठी कोणाच्या घरात पीठ मळलेलं नसतं.

तिसरा दिवस: तापोळा – (बोट) – बामणोली – कास – सातारा (सायकलवर सुमारे ३६ किमी)

अंतर कमी आहे म्हणून हा दिवस सोपा समजू नये. सगळं बोटीवर अवलंबून आहे.

कोयना धरणाचा हा जलाशय भरला की पाणी ६५९ मीटरच्या पातळीवर असतं, साठा १०५ टीएमसी. वीजनिर्मितीसाठी पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडलं जातं आणि सिंचनासाठी नदीत, त्यामुळे पावसाळा संपल्यापासून पातळी उतरत जाते. नोव्हेंबरात बोट रस्त्याच्या जवळ लागते. उन्हाळ्यात तोच काठ खूप खाली सरकतो आणि लाल चिखलाचा उतार मधे येतो. सामान लादलेली सायकल त्यावरून नेणं दोघांचं काम. मार्चनंतर ही वाट धरू नये असं म्हणतो ते यासाठी.

बोट आदल्या संध्याकाळीच ठरवावी. ती बहुधा अख्खी भाड्याने घ्यावी लागते, त्यामुळे चार-पाच जण असले तर परवडतं. किती सायकली आहेत ते आधीच स्पष्ट सांगा. सकाळी वारा कमी असतो, पाणी स्थिर असतं, म्हणून सात-साडेसातची वेळ मागा.

सायकल बोटीत चढवताना आधी पॅनियर (चाकाशेजारी लावलेल्या सामानाच्या पिशव्या) आणि बाटल्या काढा. दोघांनी उचलायची: एकाने पुढच्या फोर्कला, दुसऱ्याने सीटखाली धरून. चेनची बाजू वर ठेवून आडवी करायची, म्हणजे डिरेलरवर भार येत नाही. दुसरी सायकल तिच्यावर उलट्या दिशेने, मधे चादर किंवा रिकामी पोती. दोऱ्यांनी फळीला बांधायची, हँडल फिरू नये एवढं घट्ट. डिस्क ब्रेकवाल्यांनी एक काळजी जास्त घ्यावी: बोटीच्या तळाशी डिझेल मिसळलेलं पाणी असतं. त्याचा एक थेंब रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, किंवा पॅडवर गेला की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही, आणि पॅडमध्ये शोषलेलं तेल घासून जात नाही, पॅड बदलावेच लागतात. रोटरवर प्लास्टिकची पिशवी घालून रबर बँड लावा. लाइफ जॅकेट सगळ्यांनी, पोहता येणाऱ्यांनीही.

बोट काही कारणाने मिळाली नाही, तर रस्त्याने पर्याय आहे पण मोठा: परत महाबळेश्वर, मग केळघर घाट उतरून मेढा, आणि मेढ्याहून सातारा. ऐंशी किलोमीटरच्या आसपास, सुरुवातच सातशे मीटरच्या चढाने. सकाळी नऊपर्यंत बोटीचं नक्की झालं नाही तर वाट न बघता या बाजूने निघावं.

बामणोलीत उतरल्यावर चेनवरचं पाणी फडक्याने पुसून तेलाचे थेंब द्या. वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांची वर्दळ शनिवार-रविवारी असते, एरवी धक्क्यावर निवांत नाश्ता होतो. पलीकडचं जंगल कोयना अभयारण्याचं, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडणारं. पुढच्या रस्त्यावर गवा दिसू शकतो. तो रस्त्यात उभा असला तर घंटी वाजवू नका, आवाज करत पुढे जाऊ नका. पन्नास-साठ मीटरवर थांबा, सायकल आडवी धरा, तो आपसूक उतरून जातो. पहाटे आणि तिन्हीसांजेला हा रस्ता टाळावा.

बामणोली ते कास साधारण बारा किलोमीटर, चढाई पाचशे मीटरच्या आसपास. आकड्यांत हा पसरणीसारखाच दिसतो, पण स्वभाव वेगळा. इथे चढ तुकड्यातुकड्यांनी येतो: थोडं सपाट, मग एकदम उभा कडा. पसरणीचा ताल इथे उपयोगी नाही. सपाटीवर खरोखर आराम करायचा, दोन घोट पाणी प्यायचं, आणि उभा तुकडा दिसला की आधीच सगळ्यात हलका गिअर. आमच्या मते या चार दिवसांतला हाच सगळ्यात सुंदर चढ आहे. प्रत्येक वळणावर शिवसागराचा एक नवा फाटा उघडतो, आणि आठवड्याच्या मधल्या वारी आवाज फक्त चेनचा.

वर कास तलाव. साताऱ्याला पाणी पुरवणारा हा तलाव इंग्रजी अमदानीतला, इथून पाणी उताराने शहरात नेलेलं. मग पठार. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. जांभ्या कातळावर मातीचा थर बोटभरसुद्धा नाही, त्यावर सीतेची आसवं, तेरडा, टोपली कारवी. टोपली कारवी सामूहिकपणे फुलते ती सात वर्षांतून एकदा. मुख्य बहर सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात, आणि तेव्हा गर्दी, प्रवेशाचे नियम, धुकं, ओले घाट सगळं एकदम असतं. फुलांसाठी यायचं असेल तर वेगळं या, सायकलचा बेत त्याला जोडू नका. आणि कोणत्याही महिन्यात रस्ता सोडून कातळावर सायकल घालू नका. सुकलेल्या दिसणाऱ्या त्या मातीत पुढच्या वर्षीचं बी आणि कंद पडलेले असतात, टायरच्या एका चाकोरीत ते उखडतात.

पठारापासून पेट्री, यवतेश्वर करत साताऱ्याकडे रस्ता लाटांसारखा वर-खाली होत जातो. दमलेल्या पायांना हे छोटे चढ अनपेक्षित वाटतात. शेवटचा यवतेश्वर घाट तीव्र आणि शहराजवळ असल्याने वर्दळीचा. उतरताना ब्रेकची तीच शिस्त.

चौथा दिवस: सातारा – ठोसेघर – चाळकेवाडी आणि परत (सुमारे ५५ किमी)

सामान लॉजवर ठेवा, फक्त हवेचा पंप, दोन ट्यूब, टायर-लिव्हर, चेन-टूल आणि चेनची एक क्विक लिंक. (डिरेलर चौकटीला जोडणारा जादा हँगर चारही दिवस बरोबर असावा, प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि वाटेतल्या कोणत्याही दुकानात मिळत नाही.)

शहराबाहेर बोगद्यातून जाताना मागचा दिवा चालू हवा. सज्जनगड फाट्यापर्यंत दहा-बारा किलोमीटर, खाली उरमोडीचं पाणी. गडावर समर्थ रामदासांची समाधी. सायकल वाहनतळावर लावून पायऱ्या चढायच्या. तिथे जायचं तर परतीच्या वाटेवर, कारण चाळकेवाडीच्या पठारावर दुपारनंतर वारा वाढतो. पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या नाहीत. आडव्या झोताने पुढचं चाक ढकललं जातं, खोल रिमवाल्यांना जास्त. हँडल सैल धरा, अंग खाली, आणि ट्रक किंवा एसटी शेजारून गेली की क्षणभर वारा तुटून पुन्हा आदळतो, त्याला तयार राहा. ठोसेघरचा धबधबा ऑक्टोबर-नोव्हेंबरात बघण्यासारखा, जानेवारीत बारीक धार.

साताऱ्याचं रेल्वे स्टेशन शहरात नाही, माहुलीच्या बाजूला आहे, बसस्थानकापासून सहा-सात किलोमीटरवर. दोन तास हातात ठेवून जा. सायकल ब्रेकव्हॅनने पाठवायची तर पार्सल कार्यालयात बुक करावी लागते. गाडी इथे थोडाच वेळ थांबते, त्यामुळे ती चढेलच याची खात्री आधी तिथल्या कर्मचाऱ्यांकडून करून घ्या. जास्त भरवशाचं म्हणजे दोन्ही चाकं काढून, हँडल फिरवून, सायकल पिशवीत घालणं. मागचं चाक काढण्याआधी चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी सरकवा. लिव्हर चुकून दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि घरी चाक बसत नाही. डिरेलर खोलून चौकटीच्या आत बांधा, पेडल काढून सॉकमध्ये गुंडाळा. डावं पेडल उलट्या आट्याचं, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं.